माशीच्या डोक्याला काय लावायचं

ता. ४ मार्च, सोमवार

मोठीच्या आईस,

अनेक आशीर्वाद. पत्र पोचेल तेव्हा तुझा खोकला उतरलेला असेल असं धरून चालतो. इकडे मी ठीक आहे. नळ ठीक आहे. गॅसचं बटण दोनदा बघून मगच झोपतो, तेव्हा ती काळजी नको. फोनवर तू खोकतेस, मला नीट ऐकू येत नाही म्हणून मी ओरडतो, आणि मध्येच जावईबापू "बाबा, फोन तोंडापासून लांब धरा" म्हणून शिकवणी घेतात. त्यापेक्षा लिहिलेलं बरं. शाळेत फार दिवस गेलो नाही, पण तुला कळेल एवढं लिहिता येतं.

पायात मोजे घाल. मोठीच्या घरची फरशी गार असते आणि ती पोरगी स्वतः अनवाणी फिरते म्हणून तुलाही फिरू देईल.

जाताना तू म्हणालीस, "या घरात एक तर ती बाटली राहील, नाहीतर मी." त्यावर मी काय बोललो ते इथे लिहीत नाही. तुला आठवत असेलच. बाटली अजून घरात आहे, पण झाकण आवळून, पिशवीत बांधून, पिशवी डब्यात घालून माळ्यावर ठेवली आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रोगणाचा वास छातीला वाईट. ठीक आहे. मग बिनवासाचं काहीतरी आणायचं आणि काम चालू ठेवायचं. एवढ्यासाठी घर सोडून जायचं काय कारण होतं, हे मला अजून... असो.

मोठीच्या सासूबाईंनी विचारलं की मी सध्या काय करतो, तर या वेळी नीट सांग. मागे तू "हे माश्या मारत बसतात" असं सांगितलंस आणि सगळे हसले. त्यांना सांग, मी माश्या बांधतो, मासे फसवायच्या खोट्या माश्या. गळावर दोरा गुंडाळायचा, त्यात कोंबड्याच्या मानेचं पीस धरायचं, थोडी सशाची लव, आणि ती पाण्यावर पडली की माशाला खरी वाटली पाहिजे. शेवटी गळाच्या डोळ्यापाशी गाठ मारायची. ते माशीचं डोकं. त्या डोक्यावर एक थेंब टाकायचा, बस. तो थेंब सुटला तर गाठ सुटते, गाठ सुटली तर माशी उलगडते, आणि नदीत कमरेएवढ्या पाण्यात उभ्या राहिलेल्या माणसाच्या दोरीला नुसतं लोखंड उरतं. एवढं त्या थेंबाचं महत्त्व. हे त्या बाईला सांगितलंस तर ती हसणार नाही. हसलीच तर तू हसू नकोस.

आता थेंबाचं ऐक. गळवाल्याने, म्हणजे आपल्या मासेमारीच्या सामानाच्या दुकानदाराने, रोगणाऐवजी पाण्यात कालवलेलं म्हणून एक चिकट दिलं. "काका, वास नाही, विष नाही, काकूंच्या उशाशी ठेवलंत तरी चालेल." मी म्हणालो, "काकूंच्या उशाशी मला जागा नाही, याला कुठून मिळणार?" तो फिदीफिदी हसला. मी विनोद केला नव्हता.

घरी येऊन झाकण उघडलं. काय सांगू तुला. नासलेलं दूध बरं. पांढरं, पातळ, वर साय आलेली, सुई बुडवून उचलली तर शेंबडासारखी तार लोंबायला लागली. मला वास येत नाही हे तुला ठाऊक आहे, कारखान्यातल्या रंगखात्यानं नाक खाल्लं ते खाल्लंच. पण नुसतं बघूनच तोंड फिरवलं. तरी माशीच्या डोक्याला लावलं. रात्रभर वाळवलं. सकाळी वाटीत पाणी घेऊन माशी सोडली आणि दाढी करून आलो, तर डोक्यावरचं सगळं परत पांढरं होऊन सुटलेलं. बोटानं पुसलं तर साबणासारखं बुळबुळीत. ते बोट मी तीनदा धुतलं तरी सकाळचा चहा गेला नाही.

या घाणीला लोक चिकट म्हणतात आणि वर बाटलीवर माशाचं चित्र छापतात.

हंगाम पुढच्या महिन्यात उघडतो. गळवाल्याला माल द्यायचा आहे. मी दिला नाही तर तो परदेशी पेटीतल्या माश्या उचलेल, एकसारख्या, निर्जीव, जणू यंत्रानंच ओकलेल्या. एकदा त्या त्याच्या काचेच्या कपाटात बसल्या की माझ्या परत बसणार नाहीत. तेव्हा घाई आहे. तुझी औषधं संपत आली असतील तर जावईबापूंना सांग, लाजू नकोस.

मोठीला आशीर्वाद.

तुझा,
मोठीचा बाप


ता. १४ मार्च, गुरुवार

मोठीच्या आईस,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र मिळालं. खोकला निम्म्यावर आला हे वाचून बरं वाटलं. "या वर्षी राहू द्या की माश्या" असं लिहिलंस, ते वाचून बरं वाटलं नाही. राहू द्या म्हणजे काय? मी सकाळी उठून काय करू? खिडकीत बसून रस्त्यावरची कुत्री मोजू?

तू गेल्यापासून जे जे चिकट या घरात आलं त्याची हकीकत लिहितो, म्हणजे मी हातावर हात ठेवून बसलो नाही एवढं तरी पटेल.

नेलपॉलिश. हसू नकोस. जुने लोक वापरतात असं गळवाला म्हणाला. मी त्या बायकांच्या सामानाच्या दुकानात गेलो. काउंटरवरची पोरगी म्हणाली, "आजोबा, कोणता रंग?"

"बिनरंगाचं."

"आजींसाठी का?"

"माशीसाठी."

ती शेजारच्या पोरीकडे बघून म्हणाली, "अगं, माशीची नखं किती लांब असतात गं?" दोघी काउंटरखाली वाकून हसल्या. मी छातीशी टोपी धरून उभा. बाटली आणली. दोन दिवसांत तिच्या तोंडाशी गुळाच्या ढेपेसारखा थर जमला. ब्रश ओढला की लाळ ओढल्यासारखी तार. माशीच्या डोक्याचा वाटाणा झाला, आणि नखानं दाबला तर टचकन फुटला. शिवाय शेजारीण सांगून गेली की त्याचाही वास येतो. म्हणजे तुझ्या कामाचं नाही.

मग झटपट चिकटणारं. त्याची तर शिसारीच आली. थेंब डोक्यावर टाकला की तिथे थांबत नाही, पिसातून वर चढतो. बघता बघता पीस ताठ होतं, वर पांढरी बुरशी धरते, मेलेल्या माशीवर धरते तशी. मऊ हलणारं पीस म्हणजेच माशीचा जीव, तोच गेला. आणि माझं बोट गळाला चिकटलं. गळ चिमट्यात, चिमटा टेबलात, आणि मी बोटाला. हाका मारल्या तेव्हा शेजारीण आली, कोमट पाणी आणि साबण घेऊन. सोडवता सोडवता म्हणते, "भावोजी, इतकी वर्षं माशांना गळाला लावलंत, आज स्वतःच लागलात." तिनं हे सगळ्या जिन्याला सांगितलं आहे. खालचा शिंपी मला बघून ओठ बाहेर काढून माशासारखं तोंड करतो. या वयात हे.

जावईबापूंनी पाठवलेलं निळ्या बॅटरीचंही करून पाहिलं. त्यांचे आभार मान, पण मनापासून मानू नकोस. जेलीसारखा गोळा लावायचा, त्यावर निळा उजेड मारायचा, आणि तो म्हणे दगड होतो. वरून होतो. आत गिळगिळीत राहतो, अर्धं उकडलेलं अंडं जसं. आणि दोऱ्यात मुरत नाही, नुसता टोपी घालून बसतो. टोपी उडाली की डोकं उघडं. दातांच्या डॉक्टरची वस्तू ती, माशीला कशाला?

टेबल आता असं झालं आहे की त्याला हात लावायला नको वाटतं. लव चिकटली आहे, पिसं चिकटली आहेत, परवाच्या चहात सशाचा केस निघाला तो मी गिळल्यावर कळला. तू असतीस तर म्हणाली असतीस, "हे टेबल आहे की खाटकाचा ओटा?"

आणखी एक. गळवाल्याने काही माश्या परत दिल्या. गिऱ्हाईकाची तक्रार आली म्हणे, सरावाच्या पहिल्याच फेकीत डोकं सुटलं. मी म्हणालो, "तुझंच चिकट, तूच निस्तर." तो म्हणाला, "चिकटाचं नाही हो काका..." आणि मध्येच थांबला. मी म्हणालो, "मग कशाचं?" तर माझ्याकडे न बघता पेटीतले गळ चाळत म्हणाला, "काही नाही. एकदा डोळे तपासून घ्या."

माझे डोळे चांगले आहेत. मी दुकानाच्या बाहेर उभा राहून समोरच्या पाटीवरची सगळ्यात बारीक ओळ मोठ्यानं वाचून दाखवली. आत बसलेली दोन माणसं उठून बघायला आली. गळवाला "बरं बरं" म्हणाला. त्याच्या त्या "बरं बरं"ची मला किळस आली. लहान पोराला म्हणतात तसं.

मग मी काय केलं ते सांगून टाकतो, कारण शेजारीण फोनवर सांगेलच. माळ्यावरचा डबा काढला. रोगण ते रोगण. पातळ, तांबूस, दोऱ्यात कसं सुरकन जातं. तू इथे नाहीस, तेव्हा कोणाला त्रास? संध्याकाळी शेजारीण दार ठोकून गेली, "भावोजी, जिन्यात उभं राहवत नाही, बाटली सांडली का?" सांडली नव्हती. तिला भास होतात.

तू पथ्य पाळ. लोणच्याला हात लावू नकोस, मोठीनं दिलं तरी.

तुझा,
मोठीचा बाप


ता. २५ मार्च, सोमवार

अगं,

तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले. टेबलावर होतं. रोज बाजूला सरकवत होतो.

एवढं चार ओळींचं पत्र तू कधी लिहिलं नव्हतंस. "अहो, चिकटाचं पुरे झालं. हात कसा आहे? वास गेला की कळवा आणि हाताचं खरं काय ते कळवा. दोन्ही कळल्याशिवाय मी येणार नाही."

पहिल्यांदा वाचलं तेव्हा संताप आला. वाटलं, हिला कोणी सांगितलं? गळवाल्यानं? शेजारणीनं? मग खाली मोठीच्या अक्षरात जोडलेलं वाचलं, की आई म्हणते कोणी सांगितलं नाही, बाबा वर्षभर अर्धाच कप चहा मागतात आणि बटणांचे सदरे घालायचे सोडलेत. म्हणजे तू बघत होतीस. वर्षभर बघत होतीस आणि अर्धा कप देत होतीस, पुरा भरून "सांडा" म्हणाली नाहीस.

तर लिहितो. उजवा अंगठा धरत नाही. आधी कधीतरी व्हायचं, आता रोजचं आहे. माशीत खरं काम दोऱ्याच्या ताणाचं असतं. तुटायच्या जरा अलीकडे थांबायचं, आणि गाठ बसेपर्यंत तिथेच धरून ठेवायचं. मी धरतो, आणि ऐन गाठीच्या वेळी अंगठा नाचतो. ताण गेला. वरून कुणाला दिसत नाही, पण आतून सैल. अशी सैल माशी कुठलाही गोंद धरत नाही. गळवाल्याला हातात घेताच कळलं असणार. तो बोलला नाही आणि मी पाट्या वाचत सुटलो.

आणि रोगणाचं. एक थेंब पुरतो असं मी सगळ्यांना शिकवत आलो. सैल पडायला लागल्यावर मी दोन टाकायला लागलो, मग तीन, मग पुरं डोकं बुडवायला लागलो. वाळेपर्यंत माश्यांची सगळी माळ खोलीत टांगलेली, तुझ्या खाटेच्या वर. मला वास येत नव्हता. तू खोकत होतीस आणि मी म्हणत होतो, सर्दी झाली. डॉक्टरीणबाईंनी सांगितल्यावरही म्हणालो की तुझं नाक फार शहाणं. तेच मी तू निघालीस त्या दिवशीही म्हणालो, ते पहिल्या पत्रात लिहिलं नव्हतं. माझ्या अंगठ्याचं दुखणं मी तुझ्या छातीत ओतत होतो. आता लिहिलं. परत लिहायला लावू नकोस.

सकाळी हा अंगठा बघतो तेव्हा किळस येते. पाण्याबाहेर काढलेल्या माशासारखा फडफडतो, आणि मी तो दाबून धरतो तर दुसऱ्या बाजूनं फडफडतो. नेलपॉलिश, दूध, जेली, सगळ्यांना शिव्या घातल्या. खरी घाण वाटत होती ती याची.

गळवाल्याकडे गेलो. दुकानात गिऱ्हाईकं होती, ती जाईपर्यंत थांबावं असं फार वाटलं. थांबलो असतो तर पुन्हा काहीतरी वाचून दाखवलं असतं. म्हणून सगळ्यांसमोरच म्हणालो, "चिकट तुझं चांगलं आहे. माझा दोरा सैल पडतो. हंगामाचा माल मी देणार नाही."

तो म्हणाला, "काका, बसा तरी."

"बसत नाही. काचेतल्या माझ्या सगळ्या माश्या काढ. एखाद्याच्या दोरीवर सुटल्या तर माझं नाव जाईल."

त्यानं काढल्या. एक मात्र गल्ल्याच्या मागच्या भिंतीवर लावून ठेवली, म्हणाला, ही जुनी आहे, हिला हात लावायचा नाही. मी नख लावून ओढून पाहिली. घट्ट होती. तिथे जी परदेशी पेटी ठेवली आहे, त्यातल्या माश्या बघून अजूनही मळमळतं, ते बदलणार नाही.

रोगण, नेलपॉलिश, झटपटवालं, सगळं भंगारवाल्यानं नेलं. ते दुधासारखं त्यानंही घेतलं नाही, म्हणाला, "आजोबा, हे तुम्हीच प्या." टेबल खरवडलं. खाट पुसली. खिडक्या सताड उघड्या ठेवून मी टोपी, मफलर घालून बसलो. पण वास गेला की नाही, हे मला कसं कळणार? नाक तर नाही. म्हणून शेजारणीला रोज बोलावतो. ती उंबऱ्यात उभी राहून, डोळे मिटून, मोठा श्वास घेते आणि न्यायाधीशासारखं सांगते. पहिल्या दिवशी "छे." नंतर "उशीतून येतोय", म्हणून उशा उन्हात टाकल्या. मग "पडद्यातून", म्हणून पडदे भिजवले. आज सकाळी तिनं आत येऊन, तुझ्या खाटेवर वाकून, भिंतीशी जाऊन हुंगलं. म्हणाली, "गेला. आता जो येतोय तो तुमचा. आंघोळ करा, भावोजी."

केली.

तेव्हा तू विचारलेलं दोन्ही कळवलं. वास गेला. हाताचं हे असं आहे. डॉक्टरीणबाईंकडे दाखवायला मी एकटा जाणार नाही, त्या बोलायला लागल्या की मला काही ऐकू येत नाही आणि मी नुसतीच मान हलवतो. दिवसभर काय करायचं ते अजून कळत नाही. आज सकाळी रिकाम्या टेबलाशी जाऊन बसलो आणि उठलो.

रविवारच्या सकाळच्या बसनं ये. जावईबापूंना सोडायला लावू नकोस, मी थांब्यावर येतो. खालचा शिंपी रविवारीही दुकान उघडं ठेवतो आणि सगळा रस्ता बघत असतो. तेव्हा बॅग मीच उचलणार. उजव्या हातात. हलली तरी बोलू नकोस, धर म्हणून हात पुढे करू नकोस. त्याच्या दुकानावरून पुढे जाऊ, कोपरा वळू.

वळल्यावर घे.

वाट बघणारा,
तुझा